बाजरीतून सोडलेलं पाणी

दुष्काळात आमच्या घरी सकाळ व्हायची ती घमेल्यांच्या आवाजानं. आई दारामागं एकात एक घालून ठेवलेली घमेली ओढायची, त्यांचा खणखणाट झाला की मी आणि माझा थोरला भाऊ भिमा डोळे चोळत उठायचो. नाना, म्हणजे माझे वडील, तोवर कुदळ-फावडी खांद्यावर घेऊन अंगणात उभे असायचे. चुलीवर मिलोच्या भाकरी चाललेल्या असायच्या. रेशनवर आलेलं ते लालसर धान्य. त्याच्या पिठाला चिकटपणा म्हणून नव्हता. तव्यावर टाकता टाकता भाकरीचे हातातच दोन तुकडे व्हायचे. आई ते तुकडे तव्यावरच ओल्या बोटांनी जुळवायची आणि म्हणायची, "पोटात गेल्यावर कुठं अख्खी ऱ्हानार हाय?" सोबत लाल मिरचीचा ठेचा, असला तर कांदा. ते फडक्यात बांधून आम्ही चौघं तलावाच्या कामावर निघायचो. माझी शाळा त्याच वर्षी सुटली. कुणी सोडवली नाही. सगळीच पोरं कामावर यायला लागली, मास्तरही खडीच्या कामावर हजेरी घ्यायला लागले, मग शाळेत जायचं कुणाकडं?

आमचं घर गावात नव्हतं, खिंडीत होतं. नेवाशाच्या उगवतीला जमीन हळूहळू डोंगराला टेकायला लागते, तिथं दोन टेकड्यांच्या मधल्या सखल जागेत आमचं रान आणि रानाच्या कडेला, जरा उंचावर, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. रानाच्या एका अंगाला खाली मोठा ओढा होता. दुसऱ्या अंगाला जमीन उतरत जाऊन खडकी नाल्याला मिळायची. ओढ्याच्या दोन्ही काठांवर, आमच्या अंगणातून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, वीसेक घरांची वाडी होती. सरकारनं त्या ओढ्यालाच, वाडीच्या वरच्या बाजूला, मातीचा बांध घालायचं काम काढलं. पाणी अडवायचं, जमिनीत मुरवायचं, म्हणजे खालच्या विहिरींना पाझर फुटतील. तेव्हा ओढ्यात पाण्याचा थेंब नव्हता. आभाळाकडं बघून बांध घालायचा, असं ते काम होतं.

तरीही त्या कामावरचे दिवस मला वाईट म्हणून आठवत नाहीत, याचं माझं मलाच नवल वाटतं. ऊन होतं, डोक्यावरची चुंबळ घामानं भिजून केसांना चिकटायची, दुपारी सुकडी वाटायचे ती गोडसर कोरडी पूड घशात अडकायची. पण माणसं होती. खिंडीतल्या एकट्या घरात वाढलेल्या मला एवढी माणसं एका जागी पाहायची सवयच नव्हती. आणि आईला मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथं. तिला हसवायची ती गयाबाई. गयाबाई वाडीतली, आईपेक्षा पुष्कळ लहान, अंगानं काडी आणि तोंडानं तिखट. तिचं तान्हं पोर बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत असायचं आणि थोरला पोरगा तिथंच झोळीला झोके देत बसायचा. ती मुकादमाच्या चालण्याची अशी नक्कल करायची की घमेल्यांची अख्खी रांग थांबायची. आईला ती अक्का म्हणायची. दोघी रांगेत मागंपुढं उभ्या राहायच्या; एकीच्या डोक्यावर घमेलं चढवून दुसरी वळायची. घरी आल्यावर आई नानांना गयाच्या गोष्टी सांगायची आणि नाना, जे कधी फारसे हसायचे नाहीत, ते विडीचा धूर सोडत "हं" म्हणायचे.

मातीचा थर पडला की त्यावर पाणी मारायचं आणि धुमसानं, म्हणजे लाकडाच्या जड ठोकळ्यानं, तो चोपून घट्ट करायचा, अशी पद्धत होती. शेवटी शेवटी प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं यायला लागलं, तेव्हा मातीवर मारायला पाणी कुठलं? वरचे थर कोरडेच पडले, कोरडेच चोपले. हे लपून नव्हतं, आम्ही सगळ्यांनीच ती माती वाहिली होती. जास्तीचं पाणी बाहेर पडावं म्हणून बांधाच्या पलीकडच्या टोकाला सांडवा खोदायचा होता. तिथं खडक लागला. तो फोडता फोडता पहिला पाऊस आला आणि काम एका दिवसात ओस पडलं. पेरणी सोडून कोण थांबणार? सांडवा अर्धाच खोदलेला राहिला. दिवाळीनंतर पुरा करू, असं सगळे म्हणाले.

त्या पावसाळ्यानं आमचं सगळं फेडायचं ठरवलं होतं, असं वाटत होतं. बाजरी अशी आली की नाना सकाळ-संध्याकाळ नुसतेच रानाच्या बांधावर उभे राहायचे. कणसं माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढी. मधल्या ओळींत तूर, मटकी. मी राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची आणि पाखरांचे थवे उठून पुन्हा पलीकडं बसायचे. तिकडं तलावात पाणी चढत होतं. वाडीतल्या विहिरी हात टाकून घागर भरावी इतक्या वर आल्या. आई आणि गयाबाई एकदा तलावाच्या बांधावर बसून भांडत होत्या, खालचा कुठला थर कुणाच्या घमेल्यांचा यावरून. पाणी चढत चढत आमच्या रानाच्या वरच्या बांधाच्या जवळ आलं होतं. संध्याकाळी त्यात आमची बाजरी उलटी दिसायची.

दुष्काळात जनावरांच्या छावणीत आमचा एक बैल मेला होता. रब्बीच्या आधी जोडी पुरी करायची म्हणून नाना आणि भिमा घोडेगावच्या बाजाराला चालत निघाले. जाताना नाना आईला म्हणाले, "आल्या आल्या काढनी धरू. कोयते पाजळून ठेव." ते गेले त्याच संध्याकाळी पाऊस लागला.

हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस सोंड हलवत येणारा, ढगांचा गडगडाट करत येणारा, असं आम्ही समजत होतो. हा तसा नव्हता. वीज नाही, वारा नाही, एकाच लयीत पडत राहिला. रात्रभर पडला, दिवसभर पडला, पुन्हा तसाच. आता मी नगरात धाकट्या मुलाकडं राहते. कडाडून पाऊस आला तर मला काही वाटत नाही, तो येतो आणि जातो. पण आवाज न वाढवता सकाळपासून पडत राहणारा पाऊस असला की मी दर थोड्या वेळानं गॅलरीत जाऊन खाली बघते. सून म्हणते, "आई, आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत." तिचंही खरंच आहे.

धाबं गळायला लागलं. आई घरभर भांडी मांडत होती. पितळेच्या पातेल्यात टप्प, लोखंडी तव्यात टण्ण, पत्र्याच्या डब्यात आणखी वेगळं. सरपण ओलं, त्यामुळं चुलीचा नुसता धूर. आम्ही भाजलेले हुलगे चावत बसायचो. आई मधून मधून दारात जाऊन बाजरी बघायची. ताटं पाण्यानं वाकली होती, कणसं अजून धरून होती. "उघडलं तर निभंल," ती म्हणायची. नाना अडकले असणार हे आम्हाला कळत होतं. मधले सगळे ओढे भरून चालले असणार.

एके दिवशी सकाळी आई राख भरत असताना मधेच थांबली. "ऐकलंस का?" ती म्हणाली. सांडव्याच्या पाण्याचा आवाज आम्हाला सवयीचा झाला होता, पण आता त्याच्या खाली आणखी एक आवाज होता, जाड, घशातल्यासारखा. तेवढ्यात बांधाकडून हाक आली. गयाबाईचे सासरे तुकाबाबा, डोक्यावर पोत्याची खोळ, हात हलवत होते.

"भिमाची आई! नाना आलाय का?"

"न्हाई वं! घोडेगावास्नं आलेच न्हाईत. का, काय झालं?"

"आधी हिकडं ये. बग तू."

आम्ही दोघी चिखलातून धावलो. बांधावर वाडीतली अलीकडच्या काठाची माणसं जमली होती, बायका, पुरुष, सगळी खोळी घेतलेली. तलाव काठोकाठ होता. बांधाच्या माथ्याला आणि पाण्याला हातभराचं अंतर राहिलं असेल. खालच्या अंगाला, बांधाच्या पायथ्याशी, मुठीएवढ्या भोकातून गढूळ पाणी उसळत होतं. गयाबाईचा नवरा रंगनाथ आणि दोघंतिघं जण पोत्यांत माती-दगड भरून तिथं दाबत होते. दाबलं की पाणी थांबायचं आणि थोड्या वेळानं हातभर बाजूला फुटायचं.

मग मी पलीकडं पाहिलं. सांडव्यातून सुटलेलं पाणी पलीकडच्या काठावरच्या घरांना बांधाच्या अंगानं आणि मागून वेढून ओढ्याला मिळत होतं. पुढं फुगलेला ओढा, मागं सांडव्याचं पाणी, आणि मध्ये ती सात-आठ घरं. अलीकडची माणसं केव्हाही वर पळू शकत होती. पलीकडच्यांना कुठंच जाता येत नव्हतं. रंगनाथ आणि तुकाबाबा पहाटे पाणी कमी असताना बांध बघायला म्हणून अलीकडं आले होते, ते इथंच अडकले. गयाबाई तिकडं ओट्यावर उभी होती, तान्हं कडेवर, थोरल्याचा हात धरून. ती काहीतरी ओरडत होती. तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

"सांडवा खोल करता यील का?" कुणीतरी विचारलं.

"खडक हाय तो. आन तितं जायाचं कसं?"

सगळ्यांच्या नजरा एकदा आमच्या रानाकडं गेल्या आणि परत आल्या. मला लगेच कळलं नाही. खिंडीतली माती मऊ होती. आमच्या रानाचा वरचा बांध फोडून चर काढला तर तलावाचं पाणी आमच्या रानातून उतरत खडकी नाल्याला जाणार होतं, वाडीला वळसा घालून. तलाव उतरला की सांडवा थांबणार, आणि सांडवा थांबला की पलीकडची माणसं बाहेर येणार. हे सगळ्यांना कळत होतं.

शेवटी रंगनाथच वर आला. चिखलानं माखलेला, त्याला आईकडं सरळ बघवत नव्हतं. "वैनी," तो म्हणाला, "खिंडीतनं पानी काढलं तर..."

"रंग्या, गप," तुकाबाबा म्हणाले. सून आणि नातवंडं समोर दिसत होती, तरी ते म्हणाले, "जमीन नानाची हाय. नाना घरी न्हाई. बाईमान्साला इचारून कुनाचं रान कापायचं व्हय?"

"नानाला येऊ द्या मग," मागून कुणी म्हणालं.

"ते येस्तवर बांध थांबंल का?" आई म्हणाली.

तिनं आवाज चढवला नव्हता. ती रानाकडं बघत होती. दोन वर्षांनी पिकलेलं रान. मग तिनं तुकाबाबांना विचारलं, "खडकी नाल्याला खाली कुनाचं घर न्हाई ना?"

"न्हाई. निस्तं गायरान हाय."

"कुनाची जनावरं?"

"असल्या पावसात कोन सोडतंय."

आई माझ्याकडं वळली. "कमळ, मोठी कुदळ आन."

"आई, बाजरी..."

"मला दिसती बाजरी. पळ."

मी पळाले. कुदळ घेऊन परत आले तेव्हा आई लुगड्याचा काष्टा आवळून वरच्या बांधावर उभी होती. तिनं कुदळ घेतली आणि काही न म्हणता बांधात घातली. दोन-तीन घाव ती एकटीच घालत होती. कुणी पुढं येईना. दुसऱ्याच्या रानाला हात लावायचा कसा, या भीतीनं ती माणसं जागच्या जागी उभी होती. मग तुकाबाबा पहार घेऊन तिच्या शेजारी उतरले आणि मग सगळेच उतरले. जे हाताला लागेल त्यानं माती ओढत होतो. मी घमेल्यानं बाहेर फेकत होते. दोघीतिघींनी विळे आणून चराच्या वाटेवरची कणसं खुडायला सुरुवात केली, घाईघाईनं, ओच्यात भरत. आईनं वर न बघता सांगितलं, "ऱ्हाऊ द्या ते. हितं हात लावा." मध्येच एक धोंडा लागला. कुदळी त्याच्यावर नुसत्या वाजायला लागल्या. तुकाबाबांनी त्याच्याखाली पहार घातली, चौघं पहारीवर लोंबले, तेव्हा तो हलला.

पाणी आत आलं तेव्हा वीतभर रुंद होतं. शांत, तपकिरी, बाजरीच्या मुळांतून वाट शोधत गेलं. ताटं जागची हललीसुद्धा नाहीत. मला वाटलं, एवढंच असेल तर काय बिघडलं? मग चराच्या दोन्ही कडा ढासळायला लागल्या. पाणी स्वतःच खणू लागलं. ताटांची एक ओळ मुळासकट आडवी झाली, मग तिच्यामागची, आणि मग जमीनच सरकायला लागली, भाकरीएवढे, मग पाटाएवढे, मग दाराएवढे मातीचे तुकडे उभ्या पिकासकट खाली जायला लागले. माझा माळा एका अंगाला झुकला आणि गेला. माती जाते त्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी आईकडं पाहिलं. ती रानाकडं बघतच नव्हती. तिची नजर पलीकडं होती, सांडव्यावर.

तलाव उतरतोय हे आधी कळेचना. बांधावर उभा असलेला एक पोरगा ओरडला, "खाली गेलं! खाली गेलं!" ओली रेघ वर राहिली होती. पण पायथ्याचं भोक मोठं होत होतं, आता त्यात पोतं बसत नव्हतं. पाणी आधी उतरतं की बांध आधी जातो, यापलीकडं कुणाच्या डोक्यात काही नव्हतं. दुपार कलली तसा सांडवा लंगडायला लागला. रंगनाथनं आमच्या मोटेचा नाडा, तो जाड लांब दोर, कमरेला बांधला, दुसरं टोक बाभळीला. आम्ही त्याला बांधावरूनच, पाण्याकडच्या कडेनं, पलीकडं पाठवलं. तो त्या भोकाच्या वरून चालत गेला तेव्हा तुकाबाबांनी डोळे मिटून घेतले होते. त्यानं नाडा पलीकडच्या काठाला ताणून बांधला आणि सांडव्याच्या छातीभर पाण्यातून माणसं एकेक करून यायला लागली, आणि मग त्याच बांधावरून आमच्याकडं. एका म्हातारीला बाजेवर घालून चौघांनी आणली. पोरं खांद्यांवर. गयाबाई तान्हं पाठीला बांधून आली आणि थोरला रंगनाथच्या मानेवर. आई तिला घ्यायला बांधाच्या मध्यापर्यंत गेली. मी ओरडत होते, "आई, मागं फिर," पण माझा आवाज माझ्याच कानांत शिरत नव्हता.

जनावरं राहिली. दावी कापायला कुणी परत जाऊ नये म्हणून तुकाबाबा बांधाच्या टोकावर पहार आडवी धरून उभे राहिले. एका तरुण पोराला त्यांनी पहारीनं ढकलून पाडलं. तो रडत होता, त्याची गाय गाभण होती.

बांध फुटला असं म्हणतात, पण मी पाहिलं ते वेगळं होतं. बांध मधोमध बसला. दमलेलं माणूस भिंतीला टेकून खाली सरकतं तसा. क्षणभर तिथं नुसता खळगा दिसला. मग पाणी त्यातून उभं राहून गेलं. तलाव निम्म्यावर आला होता, तरी वाडी गेली. दोन्ही काठांची घरं, गोठे, विहिरींचे काठ, चिंचेचं झाड, सगळं. आम्ही उतारावर उभे होतो. गयाबाई माझ्या आईजवळ खाली बसली होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "अक्का, चुलीवर डाळ ठेवली हुती मी."

माणूस एकही गेलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात किती माणसं राहिली ते सांगता येणार नाही. पाय ठेवायला जागा नव्हती. गावानं पीठ दिलं, मीठ दिलं. पाऊस उघडला, आणि एका दुपारी नाना आणि भिमा बैल घेऊन खिंडीत आले. वाटेतच त्यांना कळलं होतं. बैल पांढरा होता, शिंगांना रंग लावलेला. नाना रानाच्या कडेला थांबले. म्हणजे रान जिथं होतं तिथं. मुरूम, गोटे आणि मधून माणूसभर खोल घळ. कडेला कुठं कुठं बाजरीची दहा-बारा ताटं उभी होती, ती आणखीच वाईट दिसत होती.

आई पुढं झाली. नानांनी तिला एकच विचारलं, "मानसं?"

"समदी हायती."

त्यांनी मान हलवली, बैल लिंबाला बांधला आणि घळीच्या काठाकाठानं खडकी नाल्यापर्यंत चालत गेले. परत आले ते अंधार पडताना. त्यानंतर ते आईशी बोलेनासे झाले. रागावले असते, हात उगारला असता तर आम्हाला कळलं असतं. ते नुसते बोलत नव्हते. "कमळ, आईला म्हनावं पीठ संपलंय," असं माझ्यामार्फत चालायचं, आई दोन हातांवर उभी असताना. वाडीची माणसं नाना दिसले की उठून बाहेर जायची. गयाबाईची तर त्यांच्यासमोर नक्कल करायची काय, बोलायचीही हिंमत होईना. आई आपलं काम करत राहिली. फक्त भाकरी थापता थापता तिचे हात मध्येच थांबायचे.

मग एके दिवशी तलावाच्या चौकशीला सरकारी साहेब आले. जीप ओढ्याच्या पलीकडं ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत वर करून, छत्री टेकत चालत आले. माणूस वाईट नव्हता; चहा नको म्हणाला, तुमच्याकडेच किती असेल म्हणून. फुटलेला बांध पाहिला, खिंड पाहिली आणि आमच्या अंगणात बाजेवर बसून म्हणाला, "हा चर कुणी काढला?"

बाजेच्या कडेला बसलेले तुकाबाबा उठून उभे राहिले.

"हे बघा, मला लिहावं लागणार आहे. खिंड कापल्यामुळं तलावाला धक्का बसला, असं वरपर्यंत गेलंय. तलाव सरकारी आहे. कुणाला विचारून कापलं?"

"समद्यांनी कापलं, साहेब," रंगनाथ म्हणाला.

"सगळ्यांचं नाव कसं लिहिणार? पहिली कुदळ कुणी मारली?"

आई दारात उभी होती. तिनं पदराला हात पुसले आणि उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलं. मी तिच्या मागं होते. तिनं बोलायला घेतलेला श्वास मला ऐकू आला.

"म्या," नाना म्हणाले.

ते लिंबाखाली बैलाला वैरण टाकत होते. पेंढी खाली ठेवून ते पुढं आले. "जमीन माझी हाय. माझ्या रानातनं पानी काढायला मी कुनाला इचारू? मानसं मरत हुती, काढलं. लिव्हा माझं नाव."

भिमानं तोंड उघडलं आणि माझ्याकडं पाहून मिटलं. अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की नाना त्या दिवशी घोडेगावात पत्र्याखाली अडकून बसले होते. साहेबांनी सगळ्यांकडं बघितलं. तुकाबाबा खाकरले आणि म्हणाले, "व्हय. नानानंच." मग रंगनाथ म्हणाला, आणि मग बायकाही.

पुढं त्या प्रकरणाचं काही झालं नाही. नानांना तालुक्याला काही वेळा बोलावलं, मग बोलावणं थांबलं. वाडी वरच्या अंगाला पुन्हा उभी राहिली. वाडीच्या माणसांनी तलावाच्या तळातला गाळ डोक्यावर वाहून आमच्या रानात टाकायला सुरुवात केली होती. एक कोपरा भरलाही, पण त्यांनाही पोटं होती, घरं बांधायची होती, ते काम तिथंच राहिलं. त्या हिवाळ्यात आम्ही पुणतांब्याकडं उसाच्या पट्ट्यात गेलो. तिथंच मी मोठी झाले, तिथल्याच शाळेत पुन्हा बसले. खिंडीतल्या रानात आज हुलगा येतो, दुसरं काही येत नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्याच संध्याकाळचं. साहेब गेल्यावर नाना अंगणात थोडा वेळ उभे राहिले. मग आईकडं न बघता, पण तिलाच, म्हणाले, "चल जरा खिंडीत."

आई गेली, आणि तिच्यामागं मी. ऊन कलतं होतं. चराच्या तोंडाशी नाना थांबले.

"तालुक्याला बोलावतील मला," ते म्हणाले. "इचारतील. मला नीट सांगता आलं पायजे. कुठनं धरलं आधी?"

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग पायानं जागा दाखवली. "हितनं. ह्या अंगाला माती मऊ हुती म्हनून."

"आन धोंडा लागला न्हाई? ह्या पट्ट्यात धोंडं हायत."

"लागला की. तुकाबाबानं पहार घालून काढला."

"म्हंजे म्या पहार घातली."

"न्हाई," आई म्हणाली. "तुकाबाबानंच घातली म्हना. तेवढं त्यांचं त्यांना ऱ्हाऊ द्या."

नाना "हं" म्हणाले. पाठ केल्यासारखे त्यांचे ओठ हलत होते. धोंडा पडला होता तिथं ते गेले, त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. घळीत खाली कुठंतरी माती अजून थोडी थोडी सुटत होती.

"मी हितं असतो ना," ते म्हणाले, "तर तुला कुदळ लावू दिली नसती."

"म्हाईत हाय मला."

नानांनी चेहऱ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "बरं. पानी आत आल्यावं आधी कुठल्या अंगानं गेलं?"

आई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि हात लांब करून दाखवायला लागली.